एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ‘सहा महिने’ हा आकडा सोडून द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या खेळाडूच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली, की शेवटी ‘सहा महिन्यांत मैदानात परतणार’ हे वाक्य ठरलेलं असतं. ते वाचून घरोघरी हिशेब सुरू होतो: शस्त्रक्रिया अमुक महिन्यात झाली, म्हणजे तमुक महिन्यातली स्पर्धा खेळता येईल. सहावा महिना भरतो, गुडघा दुखत नसतो, जिना सहज चढता येत असतो, आणि प्रशिक्षकही ‘चल, हळूहळू सुरू कर’ म्हणतात. आम्ही गुडघ्याच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहोत आणि या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे. पत्र लांबलं आहे, पण तपशील दिल्याशिवाय हा विषय कुणाच्या उपयोगाचा होत नाही.

एसीएल, म्हणजे अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, हा जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा पट्टा मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आतून बांधून ठेवतो. नडगी पुढे सरकू नये आणि पायाला पीळ बसताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. बहुतेक वेळा तो कुणाच्या धक्क्याने तुटत नाही. पळता पळता एकदम थांबताना, दिशा बदलताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना तुटतो. म्हणून फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, कबड्डी अशा खेळांत ही दुखापत जास्त. तुटलेल्या जागी सर्जन बहुधा रुग्णाचाच टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ग्राफ्ट म्हणून बसवतात: हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा), गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा वाटीच्या वरचा.

हा ग्राफ्ट बसवल्या दिवशी भक्कम असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे तो आधी कमकुवत होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू त्याचं लिगामेंटमध्ये रूपांतर होत जातं. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो. नेमकी तेव्हाच सूज आणि वेदना ओसरलेली असते, त्यामुळे पेशंटला आपण बरे झालो असं वाटतं. ग्राफ्ट पुरता पिकायला एक ते दोन वर्षं लागतात. दुखत नाही याचा अर्थ ग्राफ्ट तयार आहे असा होत नाही. ग्राफ्टची स्थिती दुखण्यावरून कळतच नाही.

आता आकडे. डेलावेअर-ऑस्लो या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दिशा बदलून खेळायच्या खेळांतले शंभराहून थोडे अधिक खेळाडू त्यात होते. खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी गुडघ्याची पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटली, आणि हा फायदा नवव्या महिन्यापर्यंत दिसला. त्याच अभ्यासात ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास न होता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जखमी झाले, तर पास होऊन परतलेल्यांपैकी फक्त ५.६ टक्के. २०२० मधल्या आणखी एका अभ्यासात नऊ महिन्यांच्या आत परतलेल्या तरुण खेळाडूंमध्ये नव्या एसीएल दुखापतीचं प्रमाण, थांबलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ सातपट निघालं. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: नऊ महिने ही किमान मर्यादा, आणि ते भरल्यावरही चाचण्या पास झाल्याशिवाय सामना नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या.

चाचण्या नवव्या महिन्यात होत असल्या, तरी पास-नापास बऱ्याच अंशी पहिल्या सहा आठवड्यांत ठरतं. किंबहुना शस्त्रक्रियेच्याही आधी. सुजलेल्या, अर्धवट वाकलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली, तर आत जाड चिकट ऊती तयार होऊन सांधा आखडण्याचा धोका वाढतो. गुडघा पूर्ण सरळ होतोय, सूज उतरली आहे, चालताना लंगड नाही आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ८० टक्के आहे, अशा स्थितीत शस्त्रक्रियेच्या टेबलवर जाणं चांगलं. शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या क्वाड्रिसेप्समध्ये (थोडक्यात क्वाड्समध्ये) २० टक्क्यांहून जास्त तूट असते, त्यांच्यात ती दोन वर्षांनंतरही उरलेली दिसते. मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, अडकून गुडघा लॉक झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाट पाहता येत नाही. एरवी चार-सहा आठवडे व्यायामात घालवले तर काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो. या काळात निरोगी पायाची ताकदही मोजून लिहून ठेवावी. ती का, ते पुढे येईल.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असतं. भेटायला येणारेही तेच विचारतात. खरं तर आधी तो पूर्ण सरळ व्हायला हवा. वाकणं उशिरा का होईना मिळवता येतं. सरळ होण्यातले शेवटचे पाच अंश पहिल्या काही आठवड्यांत मिळाले नाहीत, तर पुढे फार जड जातात. गुडघा किंचित वाकलेला राहिला की माणूस लंगडतो, क्वाड्स पूर्ण आवळले जात नाहीत, वाटीवर दाब वाढतो. ग्राफ्टच्या पुढे गाठीसारखी ऊती वाढून सरळ होणं अडू लागलं, तर ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. डॉक्टर तिला सायक्लॉप्स म्हणतात.

यासाठी करायचं ते अगदी साधं. टाचेखाली घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, इतका उंच की पोटरी आणि गुडघ्यामागचा भाग गादीला टेकणार नाही, आणि गुडघा त्याच्या वजनाने खाली जाऊ द्यावा. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पाय बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नये. बोटं छताकडे हवीत, नाहीतर गुडघा सरळ झाल्यासारखा दिसतो आणि होत नाही. आणि गुडघ्याखाली उशी ठेवू नये. तिने बरं वाटतं म्हणून घरातली माणसं मायेने रात्रभर ठेवतात, आणि दिवसभरात मिळवलेलं सकाळपर्यंत गेलेलं असतं. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी पोटरी-टाचेखाली. फरक किती उरला हे घरीच पाहता येतं: पालथं झोपून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या पलंगाच्या काठाबाहेर येतील असं सरकायचं, पाय सैल सोडायचे आणि कुणाला तरी दोन टाचांच्या उंचीतला फरक मोजायला सांगायचा. एक सेंटीमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश. दुसऱ्या आठवड्याअखेर हा फरक जवळपास शून्यावर यावा. वाकणं तोवर ९० अंशांपर्यंत आणि सहाव्या आठवड्यापर्यंत १२० च्या आसपास आलं तर ठीक चाललंय.

दुसरी लढाई क्वाड्सची. शस्त्रक्रियेनंतर पेशंट मांडी आवळायचा प्रयत्न करतो आणि काहीच होत नाही. स्नायू जणू झोपी गेलेला असतो. हा आळस नाही आणि दुखण्याची भीतीही नाही. सांध्यात सूज असली की तिथून जाणारे संदेश पाठीच्या कण्याच्या पातळीवरच स्नायूला रोखून धरतात. त्यासाठी सांध्यात फार पाणी साठावं लागत नाही. निरोगी गुडघ्यात २०-३० मिलिलिटर द्रव भरला तरी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून सूज उतरवणं हासुद्धा ताकदीचाच व्यायाम समजावा: बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच, घोटा सतत वरखाली, आणि पहिल्या आठवड्यात विनाकारण उभं राहणं-फिरणं बंद. गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, वाटी वर सरकताना दिसली पाहिजे, पाच सेकंद धरायची, सोडायची; दहा-दहाचे सेट, दिवसभरात जमतील तितके. वाटी हलतच नसेल तर मांडीवर इलेक्ट्रोड लावून विजेच्या उत्तेजनाची जोड द्यावी. ती पहिल्याच आठवड्यात सुरू केली तर उपयोग जास्त होतो. त्यानंतर सरळ पाय उचलणं. टाच वर जाताना गुडघा थोडासा जरी वाकला, तर उचलणं थांबवून पुन्हा नुसत्या आवळण्यावर यायचं. वाकलेल्या गुडघ्याने शंभर वेळा पाय उचलला तर मेहनत मांडीच्या मुळाशी होते, क्वाड्सना काही मिळत नाही.

सूज आहे की नाही हे पाहायची एक रीत प्रत्येक पेशंटने शिकून घ्यावी, कारण पुढचे नऊ महिने सगळे निर्णय तिच्यावर बेतायचे आहेत. पाय सरळ, मांडी सैल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या कडेला जो खळगा असतो, तिथून तळव्याने दोन-तीनदा वर मांडीकडे पुसत न्यायचं. खळगा रिकामा झाला. आता बाहेरच्या बाजूने, मांडीकडून खाली, एकदाच पुसायचं आणि नजर आतल्या खळग्यावर ठेवायची. काहीच आलं नाही तर सूज नाही. बारीकशी लाट सरकली तर नाममात्र सूज. खळगा स्पष्ट फुगला तर एक. बाहेरून पुसायच्या आधी आपोआपच भरला तर दोन. आणि पाणी हलवताच आलं नाही तर तीन. नाममात्र असेल तर व्यायाम चालू ठेवायचा, एक असेल तर वाढवायचा नाही, दोन-तीन असेल तर मागे यायचं. व्यायामाच्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची पाहणी महत्त्वाची, कारण सूज उशिरा भरते.

कुबड्या कधी सोडायच्या हे तारखेवर ठरवू नये. लंगडत चालणं बंद झालं, सरळ पाय न वाकता उचलता येतो आणि सूज वाढत नाही, तेव्हा आधी एक कुबडी (ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात), मग दोन्ही. लंगडत चालायची सवय लागली तर ती सहाव्या महिन्यात धावण्यातही दिसते. मेनिस्कस शिवलेला असेल तर मात्र वेळापत्रक बदलतं. वजन टाकणं आणि ९० अंशांपलीकडे वाकवणं चार ते सहा आठवडे रोखलं जातं, खोल बैठका साधारण चार महिने बंद राहतात. म्हणून शस्त्रक्रियेत नेमकं काय केलं, कुठला ग्राफ्ट घातला, मेनिस्कस शिवला की छाटला, हे ऑपरेशन नोटमध्ये वाचून फिजिओला दाखवावं. शेजारच्या मुलाचा तक्ता आपल्याला चालत नाही.

सहाव्या आठवड्यानंतरचा काळ सर्वांत जास्त वाया जातो. पेशंट दैनंदिन कामाला लागलेला असतो, क्लिनिकमधल्या फेऱ्या कमी होतात आणि घोट्याला एक किलोची पट्टी बांधून दहाचे तीन सेट महिनोन्महिने चालू राहतात. त्याने ताकद वाढत नाही. स्नायू वाढवायचा तर त्याला दमवणारं वजन लागतं: सहा ते दहा रेप्स (आवर्तनं) झाल्यावर आणखी दोनच निघतील असं वाटावं इतकं, तीन-चार सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वजन वर. लेग प्रेस, स्क्वॉट, एका पायाचा स्टेप-अप, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं, पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणं. प्रत्येक व्यायामात एका-एका पायाने करायचा भाग असलाच पाहिजे. दोन पायांच्या स्क्वॉटमध्ये शरीर नकळत चांगल्या पायावर भार टाकतं आणि बाहेरून ते दिसतही नाही.

लेग एक्स्टेंशन मशीनबद्दल बरेच गैरसमज आहेत. ‘ते मशीन ग्राफ्ट ढिला करतं’ म्हणून पेशंटला वर्षभर त्यापासून लांब ठेवलं जातं आणि नवव्या महिन्यात क्वाड्स ६० टक्क्यांवर अडकलेले सापडतात. ग्राफ्टवर ताण येतो तो मुख्यतः गुडघा सरळ होतानाच्या शेवटच्या ३० अंशांत. त्यामुळे चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात हा व्यायाम सुरू करता येतो. मग दर आठवड्याला टप्पा थोडा वाढवत पाचव्यात ३० पर्यंत, सहाव्यात २० पर्यंत, सातव्यात १० पर्यंत आणि आठव्यात पूर्ण. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर मात्र पहिले बारा आठवडे यावर जादा वजन टाकू नये. नुसत्या पायाच्या वजनाने करावा. लेग प्रेस आणि स्क्वॉट याची जागा घेऊ शकत नाहीत, कारण तिथे नितंबाचे स्नायू क्वाड्सची उणीव भरून काढतात.

टेंडन जिथून घेतला त्या जागेची तक्रार वेगळी. हॅमस्ट्रिंगमधून ग्राफ्ट घेतला असेल तर मांडीमागचा भाग ओढल्या गेलेल्या स्नायूसारखा जपायचा. पहिल्या दोन महिन्यांत घाईने पुढे वाकून काही उचलताना तिथे ‘कट्’ आवाज होऊन कळ येते आणि काही आठवडे मागे जावं लागतं. वाटीखालचा टेंडन घेतला असेल तर गुडघे टेकून बसताना, जिना उतरताना वाटीपुढे दुखतं आणि क्वाड्स परत यायला जास्त वेळ लागतो. तिथे सुरुवातीला गुडघा एका कोनात न हलवता ३०-४५ सेकंद जोर लावून धरायचे व्यायाम जास्त सोसतात.

धावणं तीन महिन्यांच्या आत नको, आणि तीन महिने झाले म्हणूनही नको. गुडघा पूर्ण सरळ, सूज नाममात्र किंवा नाही, चालताना वेदना नाही, क्वाड्स दुसऱ्या पायाच्या किमान ७० टक्के, एका पायावर दहा स्क्वॉट गुडघा आत न झुकता, एका पायावर वीस वेळा टाच उचलणं: इतकं जमलं की सपाट जागी सुरुवात करावी. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे सहा ते आठ फेरे, एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी सूज-दुखणं नसेल तरच पुढचा टप्पा. आधी वेळ वाढवायची, मग वेग. पावलांचा आवाज ऐकावा. एका पायाचा आवाज जड येत असेल तर तो पाय धक्का झेलत नाही, ताठ ठेवून आपटतोय.

आता मोजमाप. मांडीचा घेर टेपने मोजून ताकद कळत नाही. हाताने दाबून ‘पाचपैकी पाच’ म्हणणं तर निरोगी माणसासाठी निरर्थकच आहे. तरुण खेळाडूची मांडी कुठल्याही फिजिओच्या हाताहून बलवान असते. आयसोकायनेटिक मशीन (ठरावीक वेगाने पाय हलवताना जोर मोजणारं यंत्र) मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पट्ट्याने पक्का बांधलेला हँडहेल्ड डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजणारं हातात मावणारं उपकरण. तोही नसेल तर जिममधलं लेग एक्स्टेंशन मशीन पुरतं. नीट वॉर्म-अप करून, ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात, आधी चांगल्या पायाने आणि मग शस्त्रक्रियेच्या पायाने, प्रत्येकी जास्तीत जास्त किती वजन स्वच्छ उचललं जातं ते पाहायचं. चांगल्या पायाने ४० किलो आणि दुसऱ्याने २८ किलो उचललं तर गुणोत्तर ७० टक्के. खेळासाठी ते ९० टक्के हवं, म्हणजे निदान ३६ किलो.

इथे मोठी फसगत होते. सहा-आठ महिने खेळ बंद असल्याने चांगला पायही अशक्त झालेला असतो. शस्त्रक्रियेआधी तोच पाय ५० किलो उचलत होता असं लिहून ठेवलेलं असेल, तर आजचे २८ किलो म्हणजे ७० नव्हे, ५६ टक्के. दोन्ही पाय सारखे कमजोर असले तरी गुणोत्तर छान दिसतं. म्हणूनच शस्त्रक्रियेआधीचं माप जपून ठेवायला वर सांगितलं, आणि म्हणूनच निरोगी पायाचा व्यायाम बंद ठेवणं चूक आहे.

उड्यांच्या चार चाचण्या जगभर वापरल्या जातात: एका पायावर एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या अलीकडे-पलीकडे आडव्या तीन उड्या, आणि एका पायावर सहा मीटर अंतर किती सेकंदांत. प्रत्येकीत ९० टक्क्यांच्या वर हवं. पण नुसतं अंतर मोजून थांबलं तर ही चाचणी खोटा दिलासा देते. शरीर हुशार असतं. गुडघा टाळून कंबर आणि घोट्याच्या जोरावर तेवढंच अंतर कापतं. म्हणून मोबाईल तिवईवर ठेवून समोरून आणि बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करावं. बाजूच्या चित्रात पाहायचं ते हे: उतरताना गुडघा दुसऱ्या पायाइतका वाकतो का, की पाय ताठ राहून छाती पुढे झुकते? समोरच्या चित्रात: वाटी पावलाच्या रेषेत राहते की अंगठ्याच्या आत पडते, आणि धड कुठल्या बाजूला कलतं? उतरल्यावर दोन सेकंद स्थिर राहता आलं नाही तर ती उडी मोजायची नाही. तीस सेंटीमीटरच्या ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उतरण्याचं चित्रणही असंच पाहावं. आणि हे सगळं ताजंतवानं असताना एकदा, दमल्यावर एकदा. सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत पाय कसा पडतो, ते ताज्या पायावरून समजत नाही.

दिशा बदलण्याचा सरावही पायरीने. आधी ४५ अंशांचं वळण अर्ध्या वेगाने, मग ९०, मग पूर्ण उलट फिरणं. आधी ठरलेल्या शंकूंभोवती, मग समोरच्याच्या हालचालीवर किंवा हाकेवर ऐन वेळी. शेवटची पायरी बरेच जण गाळतात. खऱ्या खेळात डोळे चेंडूवर किंवा प्रतिस्पर्ध्यावर असतात, गुडघ्याकडे लक्ष द्यायला सवड नसते. त्यानंतर संघाबरोबर पण अंगाला अंग न भिडवता सराव, मग पूर्ण सराव, मग सामन्यातली काही मिनिटं, मग पूर्ण सामना. प्रत्येक पायरीला निदान दोन आठवडे दिले तर सूज बोलायला वेळ मिळतो.

मनाची तयारीही मोजता येते. एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते १००. कमी गुण असलेल्या खेळाडूला ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही; ज्या हालचालीची धास्ती आहे ती हळू वेगात, मग जास्त वेगात, पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. उलट बाजूही आहे. ताकद ७५ टक्के आणि आत्मविश्वास शंभर, असा सोळा वर्षांचा खेळाडू आम्हांला जास्त काळजीत टाकतो.

अपेक्षाही खऱ्या असाव्यात. हजारो रुग्णांच्या अभ्यासांचं २०१४ मधलं एकत्रित विश्लेषण सांगतं की ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया होऊन खेळात परतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना, म्हणजे चारांतल्या जवळजवळ एकाला, पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि ती बऱ्याचदा दुसऱ्याच गुडघ्याची असते. हे वाचून कुणी खेळ सोडावा असं आम्हांला अजिबात वाटत नाही. पण शाळेच्या एका स्पर्धेसाठी सातव्या महिन्यात मुलीला उतरवायचं की नाही, हे ठरवताना पालक आणि प्रशिक्षक यांच्यासमोर हा आकडा असावा. मुलींना तर ही दुखापत मुळातच मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती. पुनरागमनाची बातमी देताना संघाच्या वैद्यकीय पथकाला किती महिने हे विचाराच; त्याबरोबर क्वाड्स किती टक्के आणि उड्यांच्या चाचण्या झाल्या का, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न छापा.

काही लक्षणांत मात्र फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पोटरी दुखून टणक-सुजलेली झाली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, टाक्यांतून पू आला, किंवा पुन्हा ‘कट्’ आवाज होऊन काही तासांत गुडघा भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर. धाप आणि छातीतलं दुखणं असेल तर थेट तातडीच्या विभागात.

आणि परतल्यानंतरही जिम सुटू नये. बहुतेकांची ती पहिल्या सामन्याच्या आठवड्यातच सुटते, आणि हंगामाच्या मध्यापर्यंत क्वाड्स पुन्हा खाली घसरतात. आठवड्यातून दोनदा दोन्ही पायांचा वजनाचा व्यायाम, हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवून, धड हळूहळू पुढे नेण्याचा व्यायाम), आणि सरावाआधी रोजच्या वॉर्म-अपऐवजी ‘फिफा ११ प्लस’सारखा कार्यक्रम: तीन भाग, पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. त्याला उपकरणं लागत नाहीत, संपूर्ण संघ एकत्र करू शकतो, त्यामुळे ज्यांचा एसीएल अजून शाबूत आहे त्यांनाही तो उपयोगी पडतो. सलग सामने असलेल्या आठवड्यात वजनाचं एकच सत्र झालं तरी चालेल, पण तेही गाळू नये, आणि ते सामन्याच्या आदल्या दिवशी न ठेवता निदान दोन दिवस आधी उरकावं.

आपले,
क्रीडा पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट